बागुलांची कथा भिडते, कविता 'भाषण' वाटते: तीन तासांत काय करता येईल?

खडूफळा
एस.वाय.बी.ए.ला दलित लेखक बाबूराव बागुल अभ्यासाला आहेत. कथा 'जेव्हा मी जात चोरली होती' (त्याच नावाचा संग्रह, 1963) आणि कविता 'वेदाआधी तू होतास'. कथेनंतर वर्ग एकतर गप्प होतो, नाहीतर जात लपवणाऱ्या निवेदकाबद्दल "त्याने आधीच खरं का नाही सांगितलं?" एवढंच विचारतो. कवितेवर मात्र "हे भाषण आहे", "यात दलित कुठे आहे?" असा सूर लागतो. दोन्ही एकाच लेखकाचं आहे हे मुलांना पटत नाही. 48 मिनिटांचे तीन तास आहेत. आधी काय घ्यावं?

शाई_दौत
कविता आधी, आणि लेखकाचं नाव झाकून. 'विद्रोही साहित्यिक' अशी प्रस्तावना केलीत की मुलं कवितेत आग शोधू लागतात. ती सापडली नाही की कविता फसली असं ठरवून मोकळी होतात. नाव नसेल तर बांधणी दिसते: थेट संबोधन, पुन्हापुन्हा येणारा 'तू', संस्कृत वळणाची भाषा. हे स्तोत्र आहे, फक्त देवाच्या जागी माणूस बसवलाय. दुसऱ्या तासाला नाव उघड करा आणि विचारा, ज्यांना वेद ऐकायचीही बंदी होती त्यांच्यातला कवी वेदाच्याच थाटात का बोलतोय? 'दलित कुठे' हा प्रश्न तिथे आपोआप सुटतो.

वाचन मात्र मोठ्यानेच. ओळी पाच-सहा जणांत वाटून द्या. एकच जण एका सुरात वाचत गेला तर भाषणच वाटणार, दोष कवितेचा नाही.

उंबरठा
क्रमाबद्दल माझं मत उलटं आहे, कथाच आधी घ्या. कथेत एकच प्रश्न निवेदकाच्या मागे लागलेला असतो: तुझी जात कोणती? सुरतजवळच्या उधन्याला रेल्वेत लागलेला हा तरुण सरळ उत्तर देत नाही, मोठाली काव्यमय वाक्यं फेकतो. सगळा खेळ स्वतःची ओळख लपवण्याचा. आता कवितेकडे या. तिथे सूर्याला सूर्य आणि चंद्राला चंद्र म्हणणारा माणूसच आहे, प्रेषितांची बारशीही त्यानेच केली. ज्याला आपली ओळख सांगता येत नाही आणि ज्याने अवघ्या विश्वाला नाव दिलं, ती दोघं एकच. ही जोडणी कथा आधी वाचलेली असेल तरच बसते.

एक सोपा उपाय: निवेदकाची ती उसळणारी वाक्यं कथेतून चार-पाच निवडायला लावा, श्वास थांबतो तिथे ओळी तोडायला सांगा आणि कवितेशेजारी ठेवा. वीस मिनिटं पुरतात. "दोघं वेगळे लेखक" हा आक्षेप मुलं स्वतःच मागे घेतात, कारण कवीचा आवाज कथेतच दडलेला सापडतो.

तळटीप
'आधीच का नाही सांगितलं' याचं उत्तर तुम्ही देऊ नका. कथेतल्याच काशीनाथ या दुसऱ्या दलित पात्राकडे बोट दाखवा. त्याने जात लपवलेली नाही, आणि त्याला कसं वागवलं जातं ते त्याच कथेत आहे. निवेदकाला सांगता आलं असतं अशा जागांवर पेन्सिलीने खूण करायला लावा आणि समासात लिहायला सांगा, इथे सांगितलं असतं तर हातचं काय गेलं असतं.

गप्प वर्गासाठी बिननावाच्या चिठ्ठ्या. पाचच ओळी, सगळ्यांनी लिहायच्या, मिसळून तुम्हीच वाचायच्या. हात वर करायला सांगू नका, आणि एखाद्या दलित विद्यार्थ्याकडे "तू सांग" म्हणून तर चुकूनही वळू नका. "आजही असं होतं का?" हा प्रश्न पहिल्याच तासाला टाकला की गाडी आरक्षणावर जाते आणि कथा बाजूला पडते. तो तिसऱ्या तासासाठी राखा.

खडूफळा
मग कथा आधी आणि नाव झाकून कविता नंतर, असं चालेल?

उंबरठा
नाव झाकून काही उपयोग नाही, लागोपाठ आल्यावर मुलं ओळखणारच. त्यापेक्षा कथेचा शेवट मोठ्याने वाचा. जात उघडी पडून मार खाल्ल्यावर निवेदक म्हणतो, त्यांनी नाही, मनूने मारलं. तिथे थांबा, काहीही समजावू नका आणि लगेच कवितेची पहिली ओळ वाचा.

शाई_दौत
हे माझ्या क्रमापेक्षा बरं. फक्त कविता छापील पुस्तकातून घ्या. मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरात ओळी कुठेही तुटतात, आणि इथे अर्धं काम ओळींच्या तोडीवर आहे.