मदत हवी आहे: ग्रीन कार्डाचा अर्ज (आय-४८५) प्रलंबित, बायकोला तातडीने सांगलीला जायचंय

आम्ही न्यू जर्सीत असतो. मी अमेरिकन नागरिक, बायको एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेली, सध्या ओपीटी (या व्हिसावरची तात्पुरती कामाची परवानगी) चालू. मार्चमध्ये आय-१३० (जोडीदारासाठीची याचिका), आय-४८५, आय-७६५ (कामाचा परवाना) आणि आय-१३१ (प्रवासाची परवानगी) एकत्रच भरले. बोटांचे ठसे देऊन झाले, मुलाखतीची तारीख आलेली नाही.

सासऱ्यांची बायपास पुढच्या महिन्याच्या २४ तारखेला ठरली आहे आणि ही एकुलती एक मुलगी. अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, जी आय-१३१ वर मिळते) हातात नसताना ती बाहेर पडली तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात, हे आम्हाला माहीत आहे. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) असता तर गोष्ट वेगळी होती. त्यामुळे ‘तशीच जाऊ दे’ हा सल्ला कृपया नको. तिलाही ती जोखीम घ्यायची नाही. वकिलांचंही तेच मत.

आय-१३१ लवकर निकाली काढा, अशी विनंती इमिग्रेशन खात्याला फोनवर केली, उत्तर नाही. डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत, हाताने लिहिलेली. ‘ऑपरेशन करावे लागेल’ एवढंच, तारीखच नाही. इंग्रजीत, लेटरहेडवर, तारखेसह नवी मागवली आहे. जुन्या रिपोर्टांचं प्रमाणित भाषांतरही करून घेतोय.

आता नेमकं एवढंच विचारायचंय: आय-१३१ आधीच प्रलंबित असताना खात्याच्या स्थानिक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन कुणी तातडीचा परोल मिळवला आहे का? नवा फॉर्म आणि फी पुन्हा भरावी लागली का, आणि प्रवासाच्या किती दिवस आधी अपॉइंटमेंट मिळाली?