वीसपर्यंत धडाधड म्हणते, पण सात चिंचोके मोजता येत नाहीत

खानापूरची_आई:
मुलगी साडेचार वर्षांची आहे, एक ते वीस न अडखळता म्हणते पण समोर सात चिंचोके ठेवले की कधी नऊ होतात कधी सहा, बोट एका चिंचोक्यावर आणि तोंड दोन आकडे पुढं. अंगणवाडीत कन्नड ओंदु एरडु आणि घरात आजीचं एक दोन, त्यामुळं गोंधळ होऊलाय काय? सांगा की कुणीतरी.

निपाणीकर:
वीसपर्यंत म्हणणं म्हणजे बडबडगीत म्हटल्यासारखं ओ, मोजणं वेगळं. आधी पाचापर्यंतच ठेवा. ढीग देऊ नका, ढिगात कुठलं मोजलं नि कुठलं राहिलं ते मोठ्यांनाही कळत नाही. ओळीत मांडा, एकेक उचलून वाटीत टाकायचा आणि टाकतानाच आकडा म्हणायचा. आप्पेपात्र असेल तर बेस्ट, एका खळग्यात एकच. (धाकटं कोण असेल घरात तर चिंचोके नकोत, तोंडात घालतात, बटाटे घ्या.)

बालवाडीच्या_बाई:
हे बरोबर, पण अर्धंच झालं. मोजून झाल्या झाल्या विचारा "मग किती आहेत?" बरीच मुलं उत्तर न देता परत एकपासून सुरू करतात, म्हणजे शेवटचा आकडा हा सगळ्यांचा मिळून आहे हे अजून डोक्यात बसलेलं नसतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याची पाच तत्त्वं मांडली त्यातलं हे एक, आणि मला तरी हेच सगळ्यात अवघड वाटतं. उलटं करून बघा, "मला चार दे" म्हणा. समोरचे चार नीट मोजणारी मुलंसुद्धा इथं मूठभर उचलून देतात. चुकली तर "नऊ नाही, सात" म्हणू नका, दोघी मिळून परत मोजा.

टिळकवाडीवाला:
ताई, कन्नडचं टेन्शन घेऊ नका, फक्त एका मोजणीत एकच भाषा, "एक, दोन, मूरु" झालं की क्रम तुटतो. पुढं तर कन्नडच सोपं पडतंय, इप्पत्तोंदु म्हणजे सरळ वीस आणि एक, आपल्यात एकोणतीस ऐकून पोरं तीस लिहितात. बालभारतीनं २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" आणलं तर तिकडं महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला!

खानापूरची_आई:
आत्ताच "तीन दे" म्हटलं तर सगळी ओंजळच माझ्या हातात रिकामी केली 😄 म्हणजे पाच पण जास्तच, दोनपासून सुरू करते. आप्पेपात्र मात्र सासूबाईंचं आहे, त्या खेळायला द्यायच्या नाहीत.