मदत हवी आहे: निवासी फुटबॉल अकादमी, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत

रंकाळाकाठ
नमस्कार, आम्ही कोल्हापूरचे. मुलाची एका निवासी अकादमीत निवड झाली आहे. शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता भरला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल असा निरोप आलाय. वर्षाचे ३ लाख ६० हजार, राहणं-जेवण धरून. आम्हा दोघांच्या पगारात बसत नाही, पण सोनं ठेवलं तर होईल. ज्यांनी आपली मुलं अशी बाहेर पाठवली त्यांनी अनुभव सांगा. पाठवावं की नको? गुडघ्याचं किरकोळ दुखणं आहे, ते आम्ही बघतोय, ते सोडा. आणि फुटबॉलमध्ये पोटापाण्याचं काय, ही चर्चा नको, ती घरात रोज होते. लवकर सांगा प्लीज.

पेठेतला_बॅक
ताई, वय किती? खेळतो कुठल्या जागेवर? कुठल्या तालमीकडून, म्हणजे क्लबाकडून? अकादमी कुठल्या गावात? यातलं एकही न सांगता पाठवू का विचारलंत तर काय सांगायचं?

हिशेबी
त्याच्याही आधी सांगा, पैसे संस्थेच्या खात्यात भरायचेत की कुणा माणसाच्या? मधेच परत आला तर किती परत मिळणार, हे लेखी दिलंय का?

नाना_सातारा
दहावीचं वर्ष असेल तर आधी दहावी. माझा भाचा राज्य स्तरावर कबड्डी खेळला, आज पोलीस भरतीत आहे. क्रीडा कोट्यातल्या ५ टक्के आरक्षणाची माहिती आत्तापासून काढा, प्रमाणपत्रं जपून ठेवा, पडताळणीला मूळ प्रती लागतात.

रंकाळाकाठ
नाना, धन्यवाद, पण ते मी विचारलं नव्हतं.
वय साडेचौदा. विंगर आहे, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करतो, उजवा पाय. नववी झाली. अकादमी महाराष्ट्राबाहेर आहे, नाव इथे लिहीत नाही. दहावीचं अकादमीवाले म्हणाले १७ नंबरच्या फॉर्मने (बाहेरून परीक्षा) बघू. पैसे सध्या अकादमीच्या सरांच्या खात्यावर भरायचेत. त्यांनीच पोराला स्टेडियमवर पाहिलं. वर्षभर इथे चांगला खेळला तर पुढच्या वर्षी युरोपात ट्रायल आणि तिथल्या क्लबाशी करार, असं म्हणालेत.

हिशेबी
थांबा. साडेचौदाच्या मुलाला पंधराव्या-सोळाव्या वर्षी युरोपात करार? फिफाच्या खेळाडू-बदलीच्या नियमांत १९ वं कलम आहे. १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी तिकडे राहायला गेले, घर सीमेला अगदी लागून आहे, किंवा युरोपीय संघातल्या मुलाने १६ नंतर तिथल्याच दुसऱ्या देशात जाणं. कोल्हापूरचा मुलगा यातल्या कशात बसतो? आणि २०२३ पासून एजंटला फिफाचा परवाना लागतो. लहान मुलाकडे त्यांनी कधी जायचं यालाही बंधन आहे, त्याला पहिला व्यावसायिक करार करता येईल त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत तर नाहीच, आणि तेव्हाही पालकांची लेखी परवानगी घेऊन. परवाना क्रमांक मागा. फिफाच्या साइटवर नाव शोधता येतं.

रंकाळाकाठ
ते एजंट नाहीत, प्रशिक्षक आहेत.

हिशेबी
मग करार कोण आणणार?

तोक्योकर
मी नऊ वर्षं जपानमध्ये आहे, मुलगा इथल्या शाळेच्या संघात खेळतो. घाई कशासाठी, हे मला कळत नाही. जपानचा विंगर काओरू मितोमा, त्याला अठराव्या वर्षी कावासाकी फ्रोंताले हा क्लब वरच्या संघात घ्यायला तयार होता. आपण अजून तयार नाही म्हणून तो त्सुकुबा विद्यापीठात गेला, ड्रिब्लिंगवर (चेंडू पायाशी ठेवून चकवणं) प्रबंध लिहिला. क्लबात आला २०२० मध्ये, पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ब्रायटनने घेतलं. जपानचाच केइसुके होंडा, त्याला गाम्बा ओसाका क्लबाने पुढच्या युवा संघात घेतलं नव्हतं, तो शाळेच्या संघातून वर आला. चौदाव्या वर्षी दार बंद होत नाही.

पेठेतला_बॅक
तोक्योकर, तिकडं विद्यापीठातून खेळाडू निघतात, कारण विद्यापीठाचा संघ तसा चालतो. आमच्याकडं कॉलेजचा संघ स्पर्धेच्या आठ दिवस आधी गोळा होतो. हे उदाहरण इथं लागू नाही.
महाराष्ट्रात राहूनही होतं की. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडून उतरला. प्रबोधिनी शासनाची, घरच्यांना सोनं ठेवायला लागलं नाही. माझं मत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, कुठल्याही तालमीत ठेवा, शाहू स्टेडियमवर भरलेल्या गॅलरीसमोर खेळलेलं पोरगं कुठंच घाबरत नाही. अकादम्यांत शंभर पोरं, नाव कोण लक्षात ठेवतो?

तोक्योकर
गॅलरी बघून घडत नाही, पेठेतला_बॅक. दोन तालमींचा सामना असला की पंधरा वर्षांच्या मुलालाही वरच्यांच्या संघात उतरवतात, हे मी स्वतः पाहिलंय.

पेठेतला_बॅक
उतरवतात, कारण तो चांगला असतो.

फिजिओ_पुणे
ताई, तुम्ही "ते सोडा" म्हणालात त्याबद्दलच विचारते. कुठला गुडघा? नक्की कुठे दुखतं? कधीपासून? गेल्या वर्षभरात उंची किती वाढली? आठवड्यात किती दिवस आणि किती तास खेळतो?

रंकाळाकाठ
उजवा. वाटीच्या खाली हाडावर टेंगूळ आलंय, हात लावू देत नाही. दिवाळीपासून. उंची वर्षात ११ सेंटिमीटर वाढली, जूनमध्ये घेतलेले स्टड (फुटबॉलचे बूट) डिसेंबरात लहान झाले. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी तालीम, रविवारी सामना. सुट्टी अशी नाही. पण सगळीच मुलं पट्टी बांधून खेळतात हो.

दुधगंगा
नाचणीची आंबील रोज, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे-गूळ. बाजारातल्या प्रोटीनच्या डब्यांच्या नादी लागू नका. आणि स्टड घेताना मागे अंगठाभर जागा सोडू नका, मुलगा वाढता आहे म्हणून मोठे घेतले तर पायाला फोड येतात.

फिजिओ_पुणे
दुधगंगा, आहाराचं बरोबर. पण आधी गुडघा.
मी न तपासता निदान करत नाही. पण तुम्ही सांगताय ते चित्र वाढत्या वयातल्या खेळणाऱ्या मुलांत खूप दिसतं. मांडीच्या पुढच्या स्नायूची शीर वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला धरते. या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. हाड भराभर लांब होतं, स्नायू मागे पडतो, प्रत्येक किक, उडी, धाव त्या कच्च्या जागेला ओढते. याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. भार कमी केला तर बहुतेकांचं बरं होतं, पण महिने लागतात. पट्टी बांधून रोज दोनदा खेळला तर लांबतं. लहान मुलांच्या खेळातल्या दुखापती बघणारे एक ढोबळ माप वापरतात: आठवड्याला वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास सराव नको, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. तुमच्या मुलाचे तास मोजा. रात्री झोपेतून दुखून उठत असेल, ताप असेल, गुडघा सुजत असेल तर उद्याच हाडाच्या डॉक्टरकडे.

पेठेतला_बॅक
मॅडम, आम्ही पण वाढीच्या वयात खेळलो. क्रेप बँडेज आणि बर्फ. एवढं बघत बसलं तर एक पण पोरगं मैदानात दिसणार नाही.

फिजिओ_पुणे
आणि आता तुमचा गुडघा कसा आहे?

रंकाळाकाठ
आज त्याची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. अकरा. मेडिकलमधून स्वतः आणलीत. विचारलं तर म्हणाला, ट्रायलच्या आठवड्यात दुखतंय म्हटलं असतं तर काढून टाकलं असतं. मला काही सुचत नाहीये.
अजून एक लिहायचं राहिलं. सर म्हणाले होते, जन्मदाखल्यावर वय एक वर्ष कमी करून घेता आलं तर बघा, लहान गटात चमकेल. आम्ही हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नव्हतं.

हिशेबी
हे आधी सांगायला हवं होतंत. दाखला बदलणं हा गुन्हा आहे आणि भोगणार मुलगा. वयोगटांसाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, फिफा सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत एमआरआय करतं. पकडला गेला तर बंदी त्याच्या नावावर लागते, सरांच्या नाही. पैसे भरू नका.

फिजिओ_पुणे
ताई, त्याला ओरडू नका. रिकाम्या पोटी, घाम गाळून, पाणी न पिता या गोळ्या घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो, हे डॉक्टरांसमोर त्याला स्वतः सांगू द्या, किती घेतल्या तेही. नीट झोपतो का? या वयाला आठ ते दहा तास लागतात. जेवण कमी झालंय का? मित्रांशी बोलतो का? हा मुलगा सहा महिने एकटा दुखणं सांभाळतोय. मला गुडघ्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

पेठेतला_बॅक
मॅडमनी माझ्या गुडघ्याचं विचारलं होतं. सांगतो. सतराव्या वर्षी फायनलच्या सकाळी गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. कुणी दिलं ते सांगत नाही. जिंकलो, खांद्यावर घेतलं पोरांनी. आज अडतीस वय आहे, मांडी घालून जेवायला बसता येत नाही. मुलगी पाठीवर घे म्हणते तेव्हा खाली वाकता येत नाही. मी तालमीच्या बाजूनं बोलतोय ते अजून बोलणार. पण या पोराला आत्ता खेळवू नका.

नाना_सातारा
१७ नंबरच्या फॉर्मला ठरलेली मुदत असते, ती गेली तर वर्ष जातं. अकादमीने "बघू" म्हटलं म्हणजे कुणी बघणार नाही. एवढं मात्र मी अनुभवाने सांगतो.

तोक्योकर
नानांशी सहमत. आणि घरात रोज चर्चा होते म्हणालात म्हणून एक: २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा, पुढचा हंगामच लांबणीवर पडला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. भारताकडून खेळलेले लोक घरी बसले होते. मुलाला स्वप्न बघू द्या, पण शाळेचं दार उघडं ठेवून.

रंकाळाकाठ
उशीर झाला लिहायला, माफ करा. फिजिओ म्हणाल्या तेच निघालं. एक्स-रे काढला. ऑपरेशन वगैरे काही नाही, गोळ्या बंद, सहा ते आठ आठवडे पळणं-किक बंद, मांडीचा ताण काढायचे व्यायाम दिलेत, पोहायला चालेल. मग हळूहळू वाढवायचं, एकदम नाही.
पैसे भरले नाहीत. सरांना फोन करून म्हटलं, दोन महिने जागा ठेवा. ते म्हणाले पुढच्या बॅचला परत ट्रायलची फी भरून या. परवाना आणि करार लेखी मागितला तर फोन ठेवला.
तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बाबांशीही नाही. काल रात्री स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, आई, त्या अकरा पाकिटांतली तीन रोहितची होती, त्याचंही दुखतंय, त्याच्या आईला सांगशील? (नाव बदललंय.) मी आज सकाळी जाऊन आले.
आता प्रश्न वेगळा आहे. संध्याकाळी साडेपाच वाजले की तो खिडकीत उभा राहतो, गल्लीतली मुलं बॅगा घेऊन जाताना बघतो. आठ आठवडे मी त्याला घरात कसं ठेवू?

दुधगंगा
कॅरम?

फिजिओ_पुणे
घरात ठेवू नका. संघापासून तोडलेली मुलं जास्त खचतात. मैदानावर जाऊ द्या, फक्त खेळू देऊ नका.

पेठेतला_बॅक
माझ्याकडं पाठवा. रोज संध्याकाळी बारक्या पोरांचा सराव घेतो. त्याला माझ्याशेजारी बाकावर बसवतो, विंगर कधी आत येतो, फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, कुठं उघडा पडतो, वहीत लिहून काढू दे. डॉक्टरांनी परवानगी दिली की डावा पाय शिकवतो, विंगरला दोन्ही पाय पाहिजेत. तालमीचं नाव घेत नाही, फी नाही. मेसेजमध्ये पत्ता देतो.

रंकाळाकाठ
किती वाजता पाठवू?

पेठेतला_बॅक
साडेपाचला. स्टड देऊ नका बरोबर, चप्पल घालून येऊ दे.