मदत हवी आहे : १-२-३ सांघिक स्टेबलफर्ड, नियम आणि डावपेच

चौथा_चेंडू

नमस्कार मंडळी,

आमच्या चौघांच्या संघाला लवकरच एक सांघिक गोल्फ स्पर्धा खेळायची आहे. संघनायक म्हणून माझं नाव दिलं गेलंय, तेव्हापासून डोक्यात हाच विषय घोळतोय. एकटीने स्टेबलफर्ड (प्रत्येक होलला गुण द्यायची पद्धत) मी भरपूर खेळले आहे, पण चौघांचे गुण एकत्र धरायचा हा प्रकार नवा आहे.

प्रत्येक जण स्वतःचाच चेंडू शेवटपर्यंत खेळणार. पहिल्या होलला चौघांपैकी सर्वात चांगल्या एकाचेच गुण धरायचे, दुसऱ्याला चांगल्या दोघांचे, तिसऱ्याला तिघांचे. चौथ्या होलपासून पुन्हा एक, दोन, तीन, असं अठराव्यापर्यंत. गुण नेहमीचेच: हँडिकॅपचे (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीचे) फटके वजा करून बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, पारला (होलसाठी ठरलेले फटके) २, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४. डबल बोगी किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य.

आमचे कोर्स हँडिकॅप ६, १३, १९ आणि २७ आहेत. समितीने ८५ टक्के ठरवलेत, म्हणजे खेळताना ५, ११, १६ आणि २३ फटके मिळतील.

मला पडलेले प्रश्न: धोका कोणी आणि कुठे पत्करायचा? चौघांनाही "बिनधास्त मारा" म्हणू, की सगळ्यांनी जपून खेळायचं? दुसरं, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आधी पट (चेंडू होलकडे घरंगळवायचा फटका) कोणी मारायचा हे आपसात ठरवलं तर चालतं का? संघात यावरून दोन तट पडलेत. एक जण म्हणतो आपण पार्टनर आहोत, हवा तो क्रम लावू. दुसरा म्हणतो दंड बसेल. आणि ८५ टक्के हा आकडा येतो कुठून?

कोणी हा प्रकार खेळलं असेल तर सविस्तर सांगा, खूप मदत होईल.

सातनंबरी

हे सोपं आहे की. चौघांनी टी-शॉट (होलचा पहिला फटका) मारायचा, त्यातला चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच. मारकुट्या खेळाडूला शेवटी ठेवा.

रेघ_आणि_उतार

सातनंबरी, तुम्ही म्हणताय तो स्क्रॅम्बल. त्यात हँडिकॅपचा हिशोबही वेगळा असतो: चौघांच्या संघात कमी हँडिकॅपवाल्यापासून सुरू करून २५, २०, १५ आणि १० टक्के घेऊन बेरीज करतात. धागाकर्तीच्या स्पर्धेत प्रत्येकाचा चेंडू वेगळा आहे, त्यामुळे डावपेच पूर्णपणे बदलतात.

आधी टक्क्यांचं सांगतो. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम २०२० पासून लागू आहे आणि तिच्यात खेळाच्या प्रत्येक प्रकाराला शिफारस केलेले टक्के दिलेत. चौघांतला एकच स्कोअर धरायचा असेल तर ७५, दोन धरायचे तर ८५, तीन किंवा चारही धरायचे तर १००. कारण असं की जास्त हँडिकॅपवाल्याचा खेळ वरखाली फार होतो. चौघांतला सर्वोत्तम एक उचलायचा असला की नेमका त्याचा चांगला होल मोजला जातो आणि वाईट होल झाकला जातो. जितके जास्त स्कोअर धरायचे, तितका हा फायदा आटतो. तुमच्या प्रकारात तिन्ही येतात, म्हणून समितीने मधला आकडा घेतलेला दिसतो. मला तो रास्त वाटतो.

आता डावपेच. कागदावर एक हिशोब मांडा. अठरा होलमध्ये एकूण ३६ स्कोअर धरले जाणार: एकच्या होलांवरून ६, दोनच्या होलांवरून १२ आणि तीनच्या होलांवरून १८. म्हणजे निम्मा स्कोअर फक्त सहा होलांवर ठरतो: ३, ६, ९, १२, १५ आणि १८. बहुतेक संघ पहिल्याच होलला नेट (हँडिकॅप वजा जाता) बर्डी पडली की हरखून जातात, पण तिथे ती ३ गुणांच्या वर जात नाही. तिसऱ्या होलवर तिघांनी निमूटपणे नेट पार केला तर ६ गुण होतात.

एकच्या होलवर धोका पत्करणं फायद्याचं. समजा एखाद्या होलवर प्रत्येकाला ३ गुण मिळण्याची शक्यता पाचात एक आहे. एकटा खेळाडू पाचातल्या चार वेळा रिकाम्या हाताने परततो. पण चौघांपैकी किमान एकाला ते मिळण्याची शक्यता ५९ टक्के होते. इतर तिघांनी शून्य केलं तरी कुणी विचारत नाही. म्हणून कुणा एकाचा चेंडू फेअरवेवर (मधल्या मोकळ्या पट्ट्यात) नीट पडला की बाकीच्यांनी थेट पिनवर (होलातल्या झेंड्यावर) जावं.

तीनच्या होलवर बरोबर उलटं. तिथे एक शून्य माफ आहे, दुसरं शून्य थेट बेरजेत येतं. प्रत्येकाची निदान १ गुण मिळवण्याची शक्यता पाचात चार धरली, तर किमान तिघांना गुण मिळण्याची शक्यता ८२ टक्के निघते. आता चौघेही आक्रमक झाले आणि ती शक्यता दहात सातवर आली, तर हाच आकडा ६५ वर घसरतो. म्हणजे दर तीन वेळांत जवळजवळ एकदा तुम्ही शून्य मोजणार. वैयक्तिक खेळात जो धोका किरकोळ वाटतो, तो इथे चौघांचा मिळून फार मोठा होतो.

दोनच्या होलवर ठरलेलं सूत्र नाही. जोडीजोडीने बघा: दोघे जपून, दोघे मोकळे. टी-शॉटनंतर परिस्थिती बघून भूमिका बदला.

हिरवळ

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. त्यात स्ट्रोक इंडेक्सची (होलच्या कठीणपणाचा क्रमांक, १ सर्वात कठीण; सवलतीचे फटके याच क्रमाने मिळतात) भर घालते, कारण खरी मजा तिथे आहे.

आदल्या दिवशी स्कोअरकार्ड घेऊन बसा आणि प्रत्येक होलसमोर एक, दोन की तीन ते लिहा. मग कुणाला कुठे फटका मिळतो ते भरा. समजा १६वा होल पार ३ आहे, इंडेक्स १७. हा एकचा होल. इथे चौघांत फक्त २३ वाल्या खेळाडूला फटका मिळतो. त्याने चारात संपवलं की २ गुण पक्के. मग त्याने ग्रीनच्या मधोमध मारावं आणि पिन बंकरमागे लपलेली असली तरी तिकडे बघूही नये. बाकी तिघांना ३ गुणांसाठी खरी बर्डी लागते, त्यांनी थेट पिन धरावी.

आता १८वा पार ५ आहे, इंडेक्स ८ आणि ग्रीनच्या अलीकडे पाणी, असं समजू. तीनचा होल. ११, १६ आणि २३ वाल्यांना एकेक फटका आहे, ५ वाल्याला नाही. म्हणजे त्या तिघांना २ गुणांसाठी सहा पुरेत. २३ वाल्याचा दुसरा फटका झालाय आणि चेंडू ग्रीनपासून १७० यार्डांवर, मध्ये पाणी. एकट्याच्या फेरीत तो वूड (लांब पल्ल्याचा क्लब) काढून नशीब आजमावेल. इथे त्याने तिसरा फटका पाण्याच्या अलीकडे ठेवावा, चौथा ग्रीनवर आणि दोन पट. झाले सहा. पाणी ओलांडायचा विचार करायचाच असेल तर तो ५ वाल्याने करावा, तोही बाकी तिघांचे चेंडू कोरडे असतील तरच.

जास्त हँडिकॅपचा खेळाडू संघाचं ओझं असतो असं पुष्कळांना वाटतं. या प्रकारात तर मुळीच नाही. सर्वात कठीण होलांवर त्याला दोन फटके मिळतात. तुमच्या २३ वाल्याला इंडेक्स १ ते ५ वर दोन-दोन आहेत. इंडेक्स ४ च्या पार ४ वर त्याने साधी बोगी केली तरी ३ गुण! तो होल तीनचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की इथे तूच आमचा हुकमी खेळाडू. सांगितल्याने फरक पडतो, मी पाहिलंय.

नियमपुस्तक

ग्रीनवरच्या क्रमाचा प्रश्न बाजूला राहिलाय आणि तोच सर्वात महत्त्वाचा आहे, कारण त्यात फटके जाऊ शकतात.

नियमांत पार्टनर आणि संघातला सहकारी या वेगळ्या गोष्टी आहेत. नियम २३ मधल्या फोर-बॉलमध्ये दोन पार्टनरची एक बाजू असते. त्यांना आपल्या बाजूला सोयीचा वाटेल तो क्रम लावता येतो, एकमेकांना सल्लाही देता येतो. सांघिक स्पर्धेचा नियम २४ आहे. तिथे खेळाडू स्वतंत्रपणे खेळत असतील तर ते एकमेकांचे पार्टनर ठरत नाहीत, आणि एरवी त्यांनी एकमेकांना सल्ला देणंही चालत नाही. मात्र खेळाडूचा स्कोअर फक्त संघाच्या स्कोअरचा भाग म्हणून धरला जाणार असेल, तर एकाच गटात खेळणाऱ्या सहकाऱ्यांना सल्ल्याची मुभा देणारा स्थानिक नियम समिती लावू शकते. तो लावलाय का, हे पहिल्या टीआधी विचारा. लावलेला नसेल तर "इथे सात नंबर घे" किंवा "जपून खेळ" हेसुद्धा सल्ल्यात येतं. अंतर, पिनची जागा किंवा नियम सांगायला हरकत नाही.

क्रमाबद्दल: स्ट्रोक प्लेमध्ये (स्टेबलफर्डही त्यातच येतं) पाळी सोडून खेळलं म्हणून एरवी दंड नाही. वेळ वाचवण्यासाठी जो तयार आहे त्याने मारावं, याला नियमांचं प्रोत्साहनच आहे. पण दोघांनी किंवा अधिक जणांनी कुणाला तरी फायदा व्हावा म्हणून पाळी बदलायचं ठरवलं आणि त्यातल्या एकाने तसं मारलं, तर ठरवणाऱ्या प्रत्येकाला दोन फटके दंड. "तू आधी मार म्हणजे मला उतार कळेल" हे वाक्य पार्टनरमध्ये चालतं, पार्टनर नसलेल्या सहकाऱ्यांत महागात पडतं. म्हणजे तुमच्या संघातले दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. समिती तुम्हाला पार्टनर धरते की स्वतंत्र खेळाडू, यावर सगळं अवलंबून आहे.

अजून एक, जे पुष्कळांना ठाऊक नसतं. कुणाचा चेंडू होलच्या मागे पडलाय आणि सहकाऱ्याचा फटका त्याला अडेल म्हणून तो मुद्दाम तिथेच ठेवायचं दोघांनी ठरवलं, तर चेंडू जागेवर असताना फटका मारताच ठरवणाऱ्या दोघांनाही दोन-दोन फटके दंड. इथे पार्टनर असलात तरी सुटका नाही.

रेघ_आणि_उतार

चेंडू उचलण्याबद्दल राहिलंच. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर खेळली गेली, ती एका वाईट होलने अख्खी फेरी वाया जाऊ नये म्हणून. त्यामुळे शून्य नक्की झालं की चेंडू उचला, मागचा गट खोळंबणार नाही. पण तीनच्या होलवर १ गुण जरी शक्य असेल तरी शेवटचा पट मारल्याशिवाय उचलू नका. तो चार फुटांचा बोगीचा पट कंटाळवाणा वाटतो, पण संघ तिथेच मागे पडतात. आणि त्याच दिवशी वैयक्तिक बक्षीसही असेल तर तेही आधी बोलून घ्या, कारण एकच्या होलवर संघाला हवा तो धोका वैयक्तिक स्कोअरला परवडत नाही.

चौथा_चेंडू

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीला विचारलं. आम्हाला स्वतंत्र खेळाडूच धरणार आहेत, पण एकाच गटात सल्ल्याची मुभा देणारा स्थानिक नियम लावलाय. वैयक्तिक बक्षीस नाही. म्हणजे बोलायला मोकळीक आहे, पण पटचा क्रम आपसात लावायचा नाही. संघाला हे कळवलं आणि वाद मिटला.

कार्डावर एक-दोन-तीन लिहून काढलं. आमचे दोन सर्वात कठीण होल तीनमध्येच येतात, दोन्हीवर २३ वाल्याला दोन फटके. आता तोच सर्वात उत्साहात आहे.

शेवटची शंका: बरोबरी झाली तर?

नियमपुस्तक

समितीने स्पर्धेच्या अटींत काय लिहिलंय ते आधी बघा. सर्रास वापरतात ती पद्धत म्हणजे शेवटचे नऊ होल, मग शेवटचे सहा, मग शेवटचे तीन आणि तरीही सुटलं नाही तर अठरावा. तुमच्या प्रकारात अठरावा तीनचा आहे, आणि तो या चारही टप्प्यांत मोजला जातो. हिरवळ यांनी सांगितलेला पाण्याअलीकडचा फटका त्या दिवशी खरंच मारावा लागेल.