मदत हवी आहे: आयरिश सोडा ब्रेड मधोमध कच्चा राहतो

आयर्लंडमधल्या कॉर्कला राहत होते तेव्हा शेजारच्या आजी रोज सकाळी सोडा ब्रेड करायच्या. यीस्ट नाही, तिंबणं नाही. ४५० ग्रॅम मैदा, चमचा-चमचा खायचा सोडा आणि मीठ, ४०० मिली बटरमिल्क. हलक्या हाताने गोळा करून वर खोल फुली कापली की लगेच ओव्हनमध्ये. बटाटा आणि लीकच्या (कांद्याच्या पातीसारखी भाजी) सुपाबरोबर, भरपूर लोणी लावून गरमागरम खायचो. ती चव अजून जिभेवर आहे!

आता पुण्यात करते तर वरून खरपूस, आत चिकट. २०० अंशांवर ४५ मिनिटं ठेवते, तरी तळाशी टकटक केल्यावर नीट भाजल्याचा पोकळ आवाज येतच नाही. बटरमिल्कच्या जागी घालते ते घरचं ताक पातळ पडतंय का? त्याऐवजी आंबट दही फेटून घालू का, आणि किती? छोट्या ओटीजीत कुणाला जमलाय? आईला खाऊ घालायचाय, प्लीज सांगा.