मदत हवी आहे: गोव्यात संध्याकाळी स्कूबा डाइव्ह करून त्याच रात्री चोर्ला घाटातून बेळगावला आलं तर चालतं का?

पहिली_पाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण इथं गोव्याला येऊन-जाऊन असणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

आमचा टिळकवाडीतल्या पोहणाऱ्यांचा ग्रुप आहे, 14 जणांचा. क्लब म्हणायचं एवढंच. सगळ्यांचा स्कूबाचा पहिला कोर्स झालाय. पुढच्या महिन्यात एका रविवारी ग्रँड बेटाजवळच्या बुडालेल्या जुन्या जहाजावर जायचं ठरलंय. दोन डाइव्ह: पहिली दुपारी साडेतीनला, दुसरी पाचच्या सुमारास, उन्हं उतरताना. खोली जास्तीत जास्त 12 मीटर. सहाला पाण्याबाहेर, मग किनारा, जेवण, आणि टेम्पो ट्रॅव्हलर रात्रीच चोर्ल्यातून बेळगावला. सोमवारी सकाळी 7 ला माझी पहिली पाळी आहे, उद्यमबागेत.

माझी शंका घाटाची आहे. कोर्समध्ये शिकवलं होतं की डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही. मग बेळगावसुद्धा समुद्रसपाटीपासून 750 मीटरवर आहेच की! क्लबमधले मोठे म्हणतात, "विमान वेगळं, घाट वेगळा. आम्ही दरवर्षी असंच येतो, कुणाला काय झालंय?"

काय झालंय ते मलाच झालंय, असा मला संशय आहे. गेल्या वर्षी तारकर्लीला दोन डाइव्ह केल्या आणि संध्याकाळी आंबोलीमार्गे परत आलो. सावंतवाडीला चहा घेईपर्यंत काही नव्हतं. घाट चढून वर आल्यावर डावं कोपर आतून ठणकायला लागलं. दाबलं तर जास्त दुखत नव्हतं, हात वाकवला तरी फरक नाही, नुसतं खोल कुठंतरी ठणकतंय. सिलिंडर उचलले होते, त्यामुळं असेल म्हणून बाम चोळला. दोन दिवसांनी गेलं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली. डाइव्हचं मी त्यांना सांगितलंच नाही, चूक माझीच.

या खेपेला जायचं तर नक्की आहे. खानापूरकडच्या आमच्या आजोळच्या घरावर अजून मंगलोरी कौलं आहेत, त्यावर 'बेसल मिशन टाइल वर्क्स, 1865' असा ठसा. गोव्याच्या समुद्रात एका बुडालेल्या जहाजात तसलीच कौलं सापडली आहेत, असं वाचल्यापासून डोक्यात तेच बसलंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कणकुंबीकर

डाइव्हमधलं मला काय कळत नाही ओ. पण चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीला आमचं घर हाय, तेवढं सांगतो. मलप्रभा उगम पावते ते ठिकाण 792 मीटरवर. म्हणजे बेळगावपेक्षा वाट मध्येच जास्त चढते. पणजीत घेतलेलं वेफर्सचं पाकीट चोर्ला चढेपर्यंत टम्म फुगतंय, पोरं दरवेळी दाखवत्यात. तुमच्या अंगात पण तसंच काय होत असंल तर बघा. आणि रात्री धुकं असलं तर गाडी हळू घ्या.

खोल_पाणी

कणकुंबीकरांनी पाकिटाचं उदाहरण अचूक दिलंय.

दादा, 12 मीटरवर तुमच्या अंगावरचा एकूण दाब जमिनीवरच्या जवळजवळ सव्वादोन पट असतो. तेवढ्या दाबानं श्वास घेतल्यावर नायट्रोजन रक्तात आणि सांध्यांत विरघळतो. वर आल्यावर तो फुफ्फुसांतून हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. तो बाहेर पडायच्या आतच तुम्ही आणखी कमी दाबाच्या ठिकाणी गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. कणकुंबीच्या उंचीवर दाब समुद्रापेक्षा साधारण 9 टक्के कमी. विमानात तो 25 टक्क्यांपर्यंत कमी असू शकतो. म्हणजे तुमच्या मोठ्यांचं अर्धं खरं आहे, घाट विमानाइतका वाईट नाही. पण 'वेगळा' पण नाही.

डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा 2002 चा सल्ला असा: एकच डाइव्ह, डीकम्प्रेशन थांबे (वर येताना मधे थांबणं) न लागणारी, तर विमानात बसण्याआधी निदान 12 तास थांबा. एकाहून जास्त डाइव्ह असतील तर निदान 18 तास. आणि हा सल्ला 2,000 ते 8,000 फुटांच्या हवेच्या दाबासाठी आहे. बेळगाव अंदाजे 2,500 फूट. आता तुम्हीच बसवा त्यात.

अमेरिकन नौदलाच्या तक्त्यांमध्ये डाइव्हनंतर उंचावर जाण्यासाठी वेगळा तक्ता असतो. किती खोल, किती वेळ होतात त्यावरून एक अक्षर मिळतं, आणि ते अक्षर व उंची बघून किती थांबायचं ते कळतं. उथळ, थोड्या वेळाच्या डाइव्हला तो तक्ता बराच सैल आहे. तुमचे मोठे त्या सैलपणावरच दरवर्षी घरी पोचत असतील. पण त्यांनी तो तक्ता उघडून बघितलाय का, हे एकदा विचारा. नसेल तर ते नशिबावर येतायत.

कोपराचं: स्नायू दुखावला तर बहुतेक वेळा दाबल्यावर, हलवल्यावर जास्त दुखतो. तुम्ही सांगताय तसं आतून ठणकणं हे बेंड्सचं, म्हणजे त्या बुडबुड्यांमुळं होणाऱ्या दुखण्याचं, नेहमीचं वर्णन आहे. तेच होतं असं इथं बसून कोण सांगणार? पण पुढच्या वेळी तसं झालं तर बाम नको. ऑक्सिजन द्यायचा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी डाइव्ह केली होती' हे.

निपाणीची_सून

मी गोव्याची, सासर निपाणी. भावोजी, कौलांचं सांगते. ती सापडली ती सेंट जॉर्ज रीफवर, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना. कौलं, मातीचे पाइप, खांबांच्या माथ्याचे तुकडे असा बांधकामाचाच माल होता. 1865 हे कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल त्या वर्षीचं असं नाही. तुमच्या आजोळचं कौल बरंच नंतरचंही असेल.

हौशी डाइव्हरना बोटी नेतात ते जहाज बहुतेक वेळा वेगळं, सगळे त्याला सूझीज रेक म्हणतात. तेव्हा कौलं दिसतील या आशेवर पैसे भरू नका, आधी विचारून घ्या. आणि बोटीवर कुणीतरी 1943 सालच्या एहरेनफेल्स या जर्मन जहाजाची गोष्ट सांगेलच. ते मुरगाव बंदरात बुडवलं होतं, तुम्ही बघणार ते नव्हे. गोष्ट छान आहे, ऐका.

कुठल्याही बुडालेल्या जहाजातून एक खापरीसुद्धा उचलू नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूला कायद्यानं पुरावस्तू म्हणतात. शिवाय संध्याकाळी दोन टॉर्च घ्या. आमच्या समुद्रात दिवसासुद्धा हाताच्या पुढं चार-पाच मीटर दिसलं तर नशीब म्हणायचं.

पहिली_पाळी

सगळ्यांचे आभार. हिशेब मांडला. रविवारी सहाला बाहेर, त्यात 18 मिळवले तर सोमवारी दुपारचे 12. म्हणजे पाळी गेली. गोव्यात मुक्काम करून पहाटे निघालो तरी 12 तासदेखील होत नाहीत.

खोल_पाणी

मग दिवस बदला की! शनिवारी संध्याकाळी डाइव्ह, रविवारी दुपारी 12 नंतर घाट चढायचा. मधे सकाळी मासळीबाजार, दुपारी थाळी. तुमच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणाऱ्या त्या यंत्रावर, 'नो फ्लाय'ची (विमानात बसू नका) खूण असते ना, विमानाच्या आकाराची? ती जाईपर्यंत चोर्ल्याचं नाव काढायचं नाही.

पहिली_पाळी

कॉम्प्युटर भाड्याचा असतो, बोटीवरच परत द्यावा लागतो. त्यामुळं ती खूण आम्ही कधी बघितलीच नव्हती!

काल क्लबमध्ये हे सगळं वाचून दाखवलं. खूप हसले. मग एकानं हळूच सांगितलं की गेल्या वर्षी त्याचाही खांदा दोन दिवस आखडला होता, आणि त्यानं पण सिलिंडरवरच ढकललं होतं. त्यानंतर हसणं जरा कमी झालं. सहा जण शनिवारला तयार आहेत, बाकीचे रविवारवर अडून बसलेत. बोटवाल्याला सहा जणांसाठी शनिवारी बोट काढायची आहे का, ते उद्या कळेल.

टेम्पो ट्रॅव्हलर मात्र रविवारवाल्यांकडेच राहणार. पणजीहून रविवारी दुपारी 1 नंतर चोर्ला मार्गे बेळगावला येणारी गोव्याची कदंब बस किंवा आपली एसटी कितीला आहे, नक्की वेळ कुणाला माहीत आहे का? सामान बरंच असणार, सहा जणांच्या ओल्या पिशव्या.