कथा शोधतोय: पुणे-मुंबई रेल्वे आणि मधेच सरहद्द

खंबाटकी: अर्जंट आहे. एक कथा शोधतोय. प्राध्यापक पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघतात, वाटेत सरहद्द लागते, तिथे परवाने तपासतात. मुंबईत अजून इंग्रजांचंच राज्य. शाळेत धडा होता. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

कडकलक्ष्मी: इयत्ता? बोर्ड? साधारण साल? आम्ही काय पत्रिका मांडून बघायची?

दौतटाक: 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत, ते चाळा. नाहीतर दाते सूची बघा.

कडकलक्ष्मी: दाते सूची १९५० ला थांबते, आणि ती ग्रंथांची सूची आहे. संग्रहातली सुटी कथा तिच्यात कशी सापडणार? उगाच पळवू नका त्यांना.

दौतटाक: सूची बघायची सवय तरी लागेल.

खंबाटकी: धडा इंग्रजीत होता, अकरावीला, सीबीएसई. त्याने काय फरक पडतो? मला मूळ मराठी हवंय.

तिरपागडा: सगळा फरक त्यानेच पडतो हो! 'हॉर्नबिल' पुस्तकातला 'द अ‍ॅडव्हेंचर', लेखक जयंत नारळीकर. मूळ कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत', संग्रह 'यक्षांची देणगी', मौज प्रकाशन. खूण पटवून घ्या: गाडी जिजामाता एक्सप्रेस, सरहद्दीवरच्या स्टेशनाचं नावच सरहद, शेजारी पेशावरला निघालेले खानसाहेब. प्राध्यापक गंगाधरपंत मुंबईच्या टाउन हॉलच्या ग्रंथालयात स्वतःच्याच इतिहासाचे पाच खंड काढतात. चार जसेच्या तसे. पाचव्यात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं, कारण गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते. तिळाएवढा फरक.

खंबाटकी: हीच!! पण 'पानिपत' टाकून शोधलं तर नुसत्या कादंबऱ्या येतात.

तिरपागडा: येणारच. कथेच्या नावाने शोधू नका, दुकानदार पुस्तकाच्या नावाने नोंद ठेवतो. 'यक्षांची देणगी' म्हणूनच मागा. जुनी प्रत घेताना आधी अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. आणि धडा मूळ कथेवर हात फिरवून घेतलेला आहे, ओळीला ओळ लावायला जाऊ नका.

भाऊगर्दी: विश्वासराव वाचले असते तरी निकाल तोच लागला असता. अब्दालीने रसद तोडलेली, १४ जानेवारी १७६१ ला फौज उपाशीपोटीच बाहेर पडली. नारळीकरांनी सगळा भार एका गोळीवर टाकला.

तिरपागडा: अहो, मुद्दाच तो आहे. कथेतला राजेंद्र देशपांडे शेवटी कॅटॅस्ट्रॉफी थिअरी कशासाठी समजावतो? दोन्हीकडची बाजू तोलून असताना एखादी क्षुल्लक गोष्ट पारडं फिरवते. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांची तुटलेली रसद त्यात बसत नाही, हे मान्य.

भाऊगर्दी: मग तोलून होती असं धरलंच का?

रुळावरचा: कथेत लोणावळा ४० मिनिटांत येतं. पुण्याहून ६४ किमी, म्हणजे ताशी ९६ ची सरासरी. घाट पुढे आहे, त्यामुळे अशक्य नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय, तिला विचारा.

कडकलक्ष्मी: गाडीचं कोणी विचारलं?

दौतटाक: जुनी प्रत मिळाली तर आधी शिवणीत कसर बघा. असली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पानांवर पाणी सुटतं. डांबरगोळ्या पानांत ठेवू नका, डाग पडतात.

खंबाटकी: पुण्यात आज संध्याकाळपर्यंत कोणाकडे प्रत आहे का? कसर चालेल.